जेम्स लिओनार्ड प्लिम्प्टन

जेम्स लिओनार्ड प्लिम्प्टन (१४ एप्रिल १८२८ – १९११) हे अमेरिकन संशोधक आणि उद्योजक होते. शरीर ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला आपोआप वळणारे चार चाकांचे स्केट त्यांनी तयार केले आणि ६ जानेवारी १८६३ रोजी त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. या शोधामुळे गोठलेल्या तळ्यावरच्या वळणांचा आनंद कोरड्या लाकडी फरशीवर, वर्षाच्या कोणत्याही ऋतूत घेता येऊ लागला. आधुनिक रोलर स्केटिंगचे जनक म्हणून प्लिम्प्टन यांचा उल्लेख केला जातो. आजच्या स्केटबोर्डखाली बसवलेला आणि 'ट्रक' या नावाने ओळखला जाणारा वळता आसही त्यांच्याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे स्नोबोर्डवरील कार्व्हिंगचा, म्हणजे धारेवर झुकून घेतलेल्या लांब वळणांचा अनुभव रस्त्यावर देणाऱ्या स्केटबोर्डांचा इतिहासही प्लिम्प्टन यांच्यापासून सुरू होतो.

पूर्वायुष्य

प्लिम्प्टन यांचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफील्ड या गावी झाला. त्या काळात न्यू इंग्लंड हा प्रदेश लहान यंत्रशाळा, गिरण्या आणि कारखान्यांनी गजबजलेला होता. शेती आणि यंत्रकाम या दोन्ही गोष्टी तेथील मुलांच्या नजरेसमोर असत. प्लिम्प्टन यांचा ओढा यंत्रकामाकडे होता. पुढे ते न्यूयॉर्क शहरात आले आणि तेथे त्यांनी फर्निचरच्या व्यवसायात जम बसवला. सांधे, बिजागऱ्या, लाकूड आणि धातू यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या या व्यवसायाचा त्यांना स्केटची रचना करताना उपयोग झाला असावा.

प्लिम्प्टन यांच्यापूर्वीचे चाकांचे स्केट

बुटांना चाके लावण्याची कल्पना प्लिम्प्टन यांची नव्हे. त्यांच्या आधी सुमारे शंभर वर्षे युरोपात तसे प्रयत्न चालू होते आणि जवळजवळ सर्वांचा हेतू बर्फावरील स्केटिंगची नक्कल करणे हाच होता. लंडनमध्ये स्थायिक झालेले बेल्जियन यंत्रकार जॉन जोसेफ मर्लिन यांची हकिकत प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोहो भागातील कार्लाइल हाउस येथे वेषांतराच्या मेजवानीत ते पायांना चाके लावून व्हायोलिन वाजवत अवतरले; परंतु वळता किंवा थांबता न आल्यामुळे एका मोठ्या आरशावर आदळले आणि जखमी झाले, असे सांगितले जाते.

१८१९ साली पॅरिसमध्ये पेतिब्लेद यांनी एका ओळीत तीन चाके असलेल्या स्केटचे पेटंट घेतले. १८२३ साली लंडनमध्ये रॉबर्ट जॉन टायर्स यांनी 'व्होलिटो' नावाचा पाच चाकांचा स्केट तयार केला. त्यातील मधली चाके थोडी मोठी होती. त्यामुळे सर्व चाके एकाच वेळी जमिनीला टेकत नसत आणि दिशा बदलणे किंचित सोपे होई. बर्फावरील स्केटचे पाते खालून किंचित गोलाकार असते, त्याचेच हे अनुकरण होते. १८४९ साली पॅरिस ऑपेरात मेयरबेअर यांच्या 'ल प्रोफेत' या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यातील गोठलेल्या तळ्याचे दृश्य नर्तकांनी चाकांचे स्केट घालून सादर केले. रंगमंचावर बर्फाचा आभास निर्माण करण्याची ही युक्ती प्रेक्षकांना आवडली.

या सर्व स्केटांमध्ये एक समान उणीव होती. त्यांवरून सरळ रेषेत जाता येई. वळणे मात्र कठीण असे. ताठ आसांवर बसवलेली चाके वळायला तयार नसत, म्हणून स्केटरला पाय उचलावा लागे किंवा चाके जमिनीवरून खरडत न्यावी लागत. बर्फाचा गुळगुळीतपणा चाकांनी साधला होता. बर्फावरचे वळण साधले नव्हते.

शोधाची पार्श्वभूमी

१८६०च्या दशकाच्या आरंभी प्लिम्प्टन यांची प्रकृती बरी नव्हती. व्यायाम म्हणून बर्फावर स्केटिंग करण्याचा सल्ला त्यांना वैद्यांनी दिला. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी या खेळाची मोठी हौस निर्माण झाली होती. नव्याने आखलेल्या सेंट्रल पार्कमधील तळे १८५८च्या हिवाळ्यापासून स्केटिंगसाठी खुले झाले होते आणि तेथे हजारो लोक जमत. प्लिम्प्टन यांना या व्यायामाचा गुण आला, परंतु हिवाळा संपताच बर्फ वितळले आणि उपचारही थांबला. वर्षभर चालू राहील असे साधन शोधणे त्यांना आवश्यक वाटले.

बाजारात मिळणारे चाकांचे स्केट त्यांच्या उपयोगी पडले नाहीत. बर्फावरील स्केटर पाते एका धारेवर कलते करतो, शरीर त्या दिशेला झुकवतो आणि पाते त्याला वर्तुळाच्या एका कमानीतून घेऊन जाते. बाहेरची धार व आतली धार आलटून पालटून वापरली की एकातून दुसरी अशी वळणांची मालिका तयार होते. हे सुख केवळ घसरण्याचे नसते. झुकण्याला मिळणाऱ्या वळणाच्या प्रतिसादाचे असते. प्लिम्प्टन यांनी नेमका हा प्रतिसाद चाकांमध्ये आणायचे ठरवले. आधीच्या संशोधकांनी पात्याची जागा चाकांना दिली होती. प्लिम्प्टन यांनी पात्याचे काम चाकांकडून करवून घेतले.

१८६३चे पेटंट आणि यंत्रणा

प्लिम्प्टन यांच्या स्केटमध्ये पुढे दोन आणि मागे दोन अशी चार चाके होती. चाके एका ओळीत न ठेवता जोडीने शेजारी शेजारी बसवल्यामुळे स्केटरला उभे राहण्यासाठी स्थिर आधार मिळाला. तथापि खरी नवलाई चाकांच्या संख्येत नसून त्यांचे आस तळपट्टीला जोडण्याच्या पद्धतीत होती.

पुढचा आणि मागचा आस तळपट्टीखाली घट्ट आवळलेला नव्हता. प्रत्येक आस एका तिरप्या खिळीभोवती थोडा फिरू शकत असे आणि पुढच्या व मागच्या खिळींचा तिरपेपणा एकमेकांच्या उलट दिशेला होता. स्केटरने पाय उजवीकडे कलवला की तळपट्टी उजवीकडे झुके आणि तिरप्या खिळींमुळे दोन्ही आस किंचित वळत. उजव्या बाजूची चाके एकमेकांच्या जवळ येत, डाव्या बाजूची एकमेकांपासून दूर जात. परिणामी स्केट उजवीकडे वर्तुळाकार मार्गाने जाई. कलण्याचे प्रमाण वाढवले की वर्तुळ लहान होई, कमी केले की मोठे होई. तळपट्टी आणि आस यांच्यामध्ये रबराची गादी बसवलेली होती. ही गादी कलण्याला हळूहळू वाढता विरोध करी आणि भार सरळ होताच स्केटला पूर्वस्थितीत आणी.

चारही चाके जमिनीवर टेकलेली असताना केवळ शरीराच्या झुकावाने दिशा बदलणारे हे पहिले व्यवहार्य चाकांचे साधन होते. पाळण्यासारख्या डोलण्यामुळे ते 'रॉकर स्केट' या नावाने ओळखले जाऊ लागले. रबराच्या गादीचे महत्त्वही लक्षात घेण्यासारखे आहे. ती नसती तर स्केट वळला असता, परंतु कोणत्या क्षणी किती वळेल याचा अंदाज पायाला आला नसता. गादीच्या विरोधामुळे वळण तळपायाला जाणवू लागले आणि त्यावर ताबा ठेवता येऊ लागला. १८६६ साली प्लिम्प्टन यांनी सुधारित रचनेचे दुसरे पेटंट घेतले.

न्यूयॉर्क रोलर स्केटिंग असोसिएशन आणि न्यूपोर्ट

प्लिम्प्टन यांनी आपल्या न्यूयॉर्कमधील फर्निचरच्या जागेतच स्केटिंगसाठी फरशी तयार केली. १८६३ साली त्यांनी न्यूयॉर्क रोलर स्केटिंग असोसिएशन या संस्थेची स्थापना केली. स्केट विकण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष त्यांनी स्केटिंग शिकवण्याकडे दिले. वळणे, उलट दिशेने जाणे आणि ठरावीक आकृत्या काढणे यांचे शिक्षण दिले जाई, कौशल्याच्या परीक्षा घेतल्या जात आणि प्रावीण्य मिळवणाऱ्यांना पदके दिली जात.

१८६६ साली त्यांनी ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथील अटलांटिक हाउस हे हॉटेल भाडेपट्ट्याने घेऊन त्याच्या भोजनगृहाचे स्केटिंगच्या दालनात रूपांतर केले. न्यूपोर्ट हे श्रीमंत कुटुंबांचे उन्हाळ्यात हवापालटासाठी येण्याचे ठिकाण होते. ऐन उन्हाळ्यात, समुद्रकाठी, बर्फावरच्यासारखे स्केटिंग करता येते हे तेथे प्रत्यक्ष दाखवता आले. अमेरिकेतील सार्वजनिक रोलर स्केटिंग रिंकचा आरंभ सामान्यतः येथपासून मानला जातो.

या उपक्रमामागे प्लिम्प्टन यांची एक निश्चित सामाजिक भूमिका होती. रोलर स्केटिंग हा सुशिक्षित आणि प्रतिष्ठित वर्गाचा सभ्य व्यायाम व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे स्केट सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळत नसत. परवाना घेतलेल्या रिंकचालकांना ते भाडेपट्ट्याने दिले जात आणि रिंकमध्ये येणाऱ्यांनी ते तेथेच वापरायचे असत. कोणाला प्रवेश द्यायचा आणि तेथील वर्तन कसे असावे यावरही लक्ष ठेवले जाई. या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. स्त्रियांना आणि तरुण मुलींना घराबाहेर, पुरुषांच्या बरोबरीने शारीरिक व्यायाम करण्याची एक प्रतिष्ठित जागा मिळाली. त्याच वेळी ज्यांच्याकडे पैसा किंवा सामाजिक स्थान नव्हते त्यांना हा खेळ बराच काळ दुरून पाहावा लागला.

इंग्लंडमधील प्रसार आणि न्यायालयीन खटले

१८६५ साली प्लिम्प्टन यांच्या शोधाचे इंग्लंडमध्ये पेटंट घेण्यात आले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे ते परदेशातून आलेल्या माहितीच्या आधारे तेथील पेटंट-अभिकर्त्यामार्फत मिळवले गेले. पुढील दहा वर्षांत इंग्लंडमध्ये रोलर स्केटिंगची लोकप्रियता वाढत गेली आणि १८७४ ते १८७६ या काळात तिने वेडाचे रूप धारण केले. लंडन, ब्रायटन आणि इतर अनेक शहरांत रिंक उभ्या राहिल्या. वृत्तपत्रांनी या लाटेला 'रिंकोमेनिया' असे नाव दिले. तरुण-तरुणींना वडीलधाऱ्यांच्या थेट देखरेखीशिवाय एकत्र येण्याची संधी रिंकमध्ये मिळत असल्यामुळे व्यंगचित्रकारांनाही हा विषय आवडला. याच सुमारास, १८७६ साली, जॉन गॅमजी यांनी लंडनच्या चेल्सी भागात यंत्राच्या साहाय्याने गोठवलेल्या खऱ्या बर्फाची रिंक सुरू केली. बर्फ नसताना स्केटिंग कसे करावे या एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली होती. गॅमजी यांनी बर्फच तयार केले. प्लिम्प्टन यांनी बर्फाची गरजच संपवली.

मागणी वाढताच नक्कल करणारेही वाढले. थोडाफार फरक करून बनवलेले वळते स्केट बाजारात आले आणि प्लिम्प्टन यांना न्यायालयात जावे लागले. त्यांतील प्लिम्प्टन विरुद्ध माल्कमसन हा १८७६ साली निकाली निघालेला खटला पेटंट कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. तो 'मास्टर ऑफ द रोल्स' या पदावरील न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांच्यासमोर चालला. परदेशात लागलेला शोध इंग्लंडमध्ये प्रथम आणणारा माणूस पेटंटच्या दृष्टीने पहिला संशोधक ठरू शकतो का, हा त्यातील एक प्रश्न होता. या शोधाचे वर्णन असलेले परदेशी पुस्तक इंग्लंडमधील ग्रंथालयात आधी येऊन पडले असेल, तर शोध जाहीर झाला असे समजावे का, हा दुसरा प्रश्न होता. इंग्लिश कायद्याच्या जुन्या परंपरेनुसार शोध देशात आणणाऱ्याला संशोधकाचा दर्जा मिळू शकतो, आणि पुस्तक ग्रंथालयात नुसते असणे म्हणजे ती माहिती लोकांना ज्ञात असणे नव्हे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पेटंट वैध ठरले. त्यानंतरच्या प्लिम्प्टन विरुद्ध स्पिलर या खटल्यातही हेच पेटंट वादाचा विषय होते. पेटंट कायद्याच्या पुढील चर्चांमध्ये या दोन्ही खटल्यांचा उल्लेख होत राहिला.

अमेरिकेतही प्लिम्प्टन यांनी आपल्या हक्कांसाठी खटले लढवले. शोध लावल्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग स्केटमध्ये सुधारणा करण्याइतकाच स्केटवरील मालकी टिकवण्यात गेला.

मक्तेदारीचा शेवट

इंग्लंडमधील पेटंटची चौदा वर्षांची मुदत १८७९ साली आणि अमेरिकेतील पहिल्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत १८८० साली संपली. त्यानंतर वळते स्केट बनवण्याचा मार्ग सर्वांना मोकळा झाला. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे सॅम्युएल विन्स्लो यांच्या कारखान्यात आणि इंडियाना राज्यातील रिचमंड येथे मायकाजा हेन्ली यांच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर स्केट तयार होऊ लागले. हेन्ली यांच्या स्केटमध्ये गादीवरील दाब स्क्रूच्या साहाय्याने कमी-जास्त करण्याची सोय होती. हलक्या वजनाच्या माणसाला गादी सैल आणि जड माणसाला घट्ट ठेवता येऊ लागली. १८८४ साली लेव्हंट रिचर्डसन यांनी चाकांत बॉल बेअरिंग वापरण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे घर्षण कमी झाले आणि स्केट अधिक वेगाने व कमी श्रमात चालू लागले.

किमती उतरल्या, गावोगावी रिंक निघाल्या आणि १८८०च्या दशकात कारखान्यातील कामगार, दुकानांतील नोकर व शाळकरी मुले यांच्यापर्यंत स्केटिंग पोहोचले. प्लिम्प्टन यांनी ज्या खेळाभोवती प्रतिष्ठेचे कुंपण घातले होते तो खेळ त्यांच्या हयातीतच सर्वांचा झाला. रिंकचालकांच्या परवान्यांवर आधारलेली त्यांची व्यवस्था मागे पडली; तिरप्या खिळीची आणि रबराच्या गादीची त्यांची रचना मात्र टिकली. १९११ साली प्लिम्प्टन यांचे निधन झाले.

स्केटबोर्डशी नाते

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, मुलांनी रोलर स्केटचे दोन भाग सुटे करून ते लाकडी फळीच्या दोन टोकांना ठोकले आणि त्यावर उभे राहून उतारावरून जाण्यास सुरुवात केली. समुद्रात लाटा नसताना लाटेवरील सर्फिंगचा अनुभव जमिनीवर घेणे हा त्यामागील हेतू होता. बर्फ नसताना बर्फाचा अनुभव घेऊ पाहणाऱ्या प्लिम्प्टन यांच्या हेतूशी तो मिळताजुळता होता. स्केटसोबत त्यांची यंत्रणाही फळीखाली आली. बुटाच्या तळपट्टीची जागा लाकडी फळीने घेतली; तिरपी खिळी, वळता आस आणि रबराची गादी यांचे काम तेच राहिले. आज या जोडणीला ट्रक, तिच्यातील बोल्टला किंगपिन आणि गादीला बुशिंग म्हणतात. १९७३ साली फ्रँक नॅसवर्दी यांनी स्केटबोर्डसाठी युरेथेन या पदार्थाची चाके बाजारात आणली. अशी चाके त्याआधी रोलर स्केटसाठी बनत होती. धातूच्या किंवा मातीच्या संयुगाच्या चाकांपेक्षा ती रस्त्याला अधिक घट्ट धरून राहत. त्यामुळे वेगात असताना खोलवर झुकणे शक्य झाले.

१९६५ साली मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शेर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून 'स्नर्फर' हे खेळणे तयार केले. त्यातून आणि इतरांच्या समांतर प्रयत्नांतून स्नोबोर्डचा विकास झाला. स्नोबोर्डच्या दोन्ही कडा मध्यभागी आत वळलेल्या असतात. बोर्ड कडेवर कलवला की ही कड वाकून बर्फात कमान कोरते आणि स्वार त्या कमानीवरून न घसरता पुढे जातो. यालाच कार्व्हिंग म्हणतात. बोर्ड जितका अधिक कलता तितकी कमान लहान होते. प्लिम्प्टन यांच्या स्केटमध्ये झुकाव आणि वळण यांचे नेमके हेच नाते आहे. साधने वेगळी असली तरी शरीराला येणारा अनुभव जवळचा असतो. म्हणूनच हिवाळा संपल्यावर सराव चालू ठेवू इच्छिणारे स्नोबोर्डपटू रस्त्यावरील स्केटबोर्डकडे वळतात.

अशा वापरासाठी बोर्ड निवडताना पाहिल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी प्लिम्प्टन यांच्या यंत्रणेच्या भागांशीच निगडित असतात. किंगपिन बाहेरच्या बाजूला असलेले ट्रक अधिक कलतात आणि वळणात समान गतीने झुकत जातात, म्हणून लांब वळणांसाठी ते पसंत केले जातात. आसाच्या फिरण्याचा कोन मोठा असेल तर थोड्या झुकावातही बोर्ड जास्त वळतो. तो लहान असेल तर वेगात स्थिरता अधिक मिळते. बुशिंगची कठीणता स्वाराच्या वजनानुसार निवडावी लागते. ती फार मऊ असल्यास बोर्ड कडेला कोसळल्यासारखा वाटतो; फार कठीण असल्यास पायाखाली जिवंतपणा जाणवत नाही. मोठी व मऊ युरेथेनची चाके रस्त्याची पकड टिकवतात. फळीच्या कडा चाकांवर कापलेल्या असल्यास खोल झुकावात चाक फळीला घासत नाही. लांब आणि किंचित लवचीक फळी पायांत स्नोबोर्डइतके अंतर ठेवू देते आणि वळणाच्या शेवटी हलकासा उठाव देते.

पुढचा ट्रक मागच्यापेक्षा बराच अधिक वळेल अशी रचना असलेले बोर्डही मिळतात. त्यांवर पाय जमिनीला न लावता शरीराच्या हेलकाव्यांनी वेग मिळवता येतो, परंतु त्यांचा अनुभव स्नोबोर्डपेक्षा सर्फिंगच्या अधिक जवळ जातो. स्नोबोर्डची धार पुढून मागपर्यंत सलग असल्यामुळे दोन्ही टोकांना सारखेच वळणारे ट्रक कार्व्हिंगच्या अधिक जवळचे ठरतात.

तथापि, प्लिम्प्टन यांच्या तत्त्वाची एक मर्यादा येथे उघड होते. स्नोबोर्ड धारेवर कोरत जाऊ शकतो, तसेच आडवा करून घसरवताही येतो आणि स्वार वेग कमी करण्यासाठी या घसरण्याचाच उपयोग करतो. वळत्या आसांची चाके मात्र पकड सोडायला सहजासहजी तयार नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे काही वेगळ्या रचना पुढे आल्या. 'फ्रीबोर्ड' या प्रकारात चार नेहमीच्या चाकांशिवाय मध्यरेषेवर सर्व दिशांना फिरणारी दोन जादा चाके असतात. त्यांच्यामुळे बोर्ड आडवा घसरवता येतो. 'फ्लोबोर्ड' या प्रकारात कमानदार आसांवर प्रत्येकी सात, अशी एकूण चौदा चाके असतात आणि बोर्ड जसजसा कलतो तसतशी कडेची चाके जमिनीला टेकत जातात. पहिल्या प्रकारात स्नोबोर्डचे घसरणे साधते, तर दुसऱ्यात खोल झुकाव. वेगावर नियंत्रण ठेवण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक प्रकारात वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. रस्त्यावर पडणे बर्फावर पडण्यापेक्षा अधिक इजा करणारे असल्यामुळे शिरस्त्राण, हातमोजे आणि सौम्य उतार यांची गरज सर्वच प्रकारांत राहते.

वारसा

दोन्ही बाजूंना चाकांच्या जोड्या असलेले रोलर स्केट आजही मूलतः प्लिम्प्टन यांच्याच पद्धतीने बनवले जातात. कलात्मक रोलर स्केटिंग, रोलर डर्बी आणि रिंक हॉकीसारखे खेळ या स्केटांवर खेळले जातात. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे रोलर स्केटिंगचे राष्ट्रीय संग्रहालय असून तेथे या खेळाच्या इतिहासाशी संबंधित स्केट, पेटंट आणि कागदपत्रे जतन केली आहेत. महाराष्ट्रात पुणे येथे २००३ साली राजू दाभाडे यांनी सुरू केलेला आणि पुढे अनेक देशांत पसरलेला रोलबॉल हा खेळही पायांत रोलर स्केट घालून खेळला जातो.

प्लिम्प्टन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. आपला शोध कोणी, कोठे आणि कोणत्या मर्यादेत वापरावा हे ठरवण्याचा त्यांचा प्रयत्न पेटंटच्या मुदतीपुरताच टिकला. त्यांनी सोडवलेला यांत्रिक प्रश्न मात्र त्यांच्या कल्पनेपलीकडे उपयोगी पडला. त्यांच्यापूर्वीच्या संशोधकांनी बर्फाची नक्कल करताना त्याचा निसरडेपणा महत्त्वाचा मानला. झुकणाऱ्या शरीराला वळणाने उत्तर देणे हा बर्फावरील स्केटिंगचा गाभा आहे, हे प्लिम्प्टन यांनी ओळखले आणि तो गुण एका तिरप्या खिळीत व रबराच्या लहानशा गादीत उतरवला. लाट आणि हिमउतार यांचा अनुभव रस्त्यावर आणू पाहणाऱ्या पुढील पिढ्यांनी फळ्या, चाके आणि पदार्थ बदलले. वळण घेण्यासाठी बहुतेकांनी त्यांच्याच आसाचा आधार घेतला.